घरगुती सर्व्हर

घरगुती सर्व्हर : घरात टीव्हीमागे, माळ्यावर किंवा जिन्याखाली दिवसरात्र चालू राहणारा आणि कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी, पासवर्ड वगैरे सांभाळणारा संगणक. एरवी ही कामे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर होतात. ती स्वतःच्या यंत्रावर आणण्याला ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. नळ असताना घरची विहीर राखण्यातला हा प्रकार. पाणी आपले, गाळही आपणच काढायचा.

वेबचा पहिला सर्व्हरसुद्धा टेबलावरचाच होता. सर्न या संशोधन संस्थेतील, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. लिनक्स (१९९१) आणि त्यावर आधारलेली डेबियन (१९९३) यांमुळे फुकट व भरवशाची प्रणाली मिळाली, तर २०१२ मध्ये आलेल्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकामुळे यंत्रही आवाक्यात आले. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण थांबवली, तेव्हा अनेकांना जुना लॅपटॉप आठवला.

छायाचित्रांसाठी इमिच, फायलींसाठी २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून फुटून निघालेले नेक्स्टक्लाउड, चित्रपटांसाठी जेलीफिन आणि जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल ही नेहमीची मंडळी. पेपरलेस-एनजीएक्स स्कॅन केलेल्या कागदांतील मजकूर शोधण्याजोगा करते. त्यामागचे अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट मराठीही वाचते, पण भाषा आठवणीने निवडावी लागते. छापील वीजबिल त्याला बरे जमते. तलाठ्याच्या हस्ताक्षराची अपेक्षा धरू नये.

यंत्र निवडताना वेगापेक्षा वीज पाहावी. १० वॅट खाणारे यंत्र महिन्याला सुमारे ७ युनिट घेते, ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ४३. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा फायदा. मात्र सतत चार्जिंगवर राहून ती फुगू शकते, म्हणून अधूनमधून पालथा करून पाहावा. रास्पबेरी पायचे दुखणे मेमरी कार्ड. प्रणाली त्यावर अखंड नोंदी लिहीत असते आणि लिहितानाच वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. एसएसडी व छोटा यूपीएस इथे चैन नव्हे. राउटरही त्याच यूपीएसवर हवा, हे बहुतेकांना पहिल्या अंधारात कळते. कोकण-गोव्यात दमट हवा आणि विजा यांची भर पडते.

घराबाहेरून सर्व्हर गाठणे ही पहिली मोठी अडचण. इंटरनेटवरचे आयपीव्ही४ पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४.३ अब्जच. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. त्यामुळे अनेक सेवादाते कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर बहुधा हाच प्रकार आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडून उपयोग नसतो. आयपीव्ही६ किंवा भाड्याच्या सर्व्हरवरून आणलेला वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा, हे दोन मार्ग उरतात. सार्वजनिक पत्ता असला तरी दार थेट रस्त्यावर उघडण्यापेक्षा घरच्यांपुरता बोगदाच बरा, कारण इंटरनेटवर दुरून लॉग-इन करण्याचे पोर्ट २२ उघडे ठेवले की अनोळखी यंत्रे लगेच पासवर्ड लावून पाहू लागतात.

उभारणी एका रविवारची, निगा कायमची. अपडेट टाळण्याची किंमत २०२२ च्या लास्टपास प्रकरणात दिसली. या पासवर्ड कंपनीतील एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर जुने प्लेक्स मीडिया सर्व्हर होते. त्यातील त्रुटी मे २०२० मध्येच दुरुस्त झाली होती, पण अपडेट केले गेले नव्हते. त्या वाटेने हल्लेखोर आत शिरले आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपपर्यंत पोहोचले. उलट टोकाला, दिसेल ते अपडेट आपोआप घेणारेही अडकतात: इमिचसारखे वेगाने बदलणारे सॉफ्टवेअर बदलांची टीप न वाचता चढवले तर सकाळी अल्बम उघडेलच असे नाही. सुरक्षेची अपडेट आपोआप, बाकीची बॅकअप घेऊन हाताने, ही विभागणी टिकते. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची. नूतनीकरण गुपचूप बंद पडले तर ते मुदत संपल्यावरच लक्षात येते.

बॅकअपबाबत सर्वांत रूढ गैरसमज म्हणजे रेड (एकत्र जोडलेल्या डिस्क) असले की बॅकअप झाला. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असतील तर एक मेल्यावर दुसरी चालते. पण चुकून पुसलेला फोल्डर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा प्रचलित नियम. बाहेरची प्रत भावाकडे किंवा गावी ठेवलेल्या डिस्कवर चालते. ती कधी उघडून पाहिली नसेल तर तिला बॅकअप म्हणणे घाईचे.

ईमेल मात्र घरी चालवू नये. अनेक सेवादाते पत्रे पाठवण्याचे पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि घरगुती पत्त्यावरून निघालेले पत्र बहुधा स्पॅममध्ये पडते.

घरात सर्व्हर समजणारी व्यक्ती सहसा एकच असते. डिस्क कूटबद्ध असेल आणि किल्ली तिच्याच डोक्यात, तर तिच्या पश्चात घरच्यांच्या हाती पेटीच उरते. म्हणून मुख्य पासवर्ड, बॅकअपची जागा आणि कोणती वायर काढायची नाही हे वहीत लिहून ती वही कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवतात.