होला

होला : पारवा, कबूतर आणि हरियल यांना सामावून घेणाऱ्या कोलंबिडी कुलातील एक लहान, दाणे टिपून उपजीविका करणारा पक्षी. मॉरिशस बेटावरून सतराव्या शतकात नामशेष झालेला अवजड डोडो हाही याच कुलातील होता. महाराष्ट्रात होल्याच्या चार जाती सर्रास आढळतात. त्यांपैकी दोन जातींनी मनुष्याच्या घराशी जी जवळीक साधली आहे ती, चिमणी व पारवा यांचा अपवाद सोडल्यास, क्वचितच अन्य रानपक्ष्याला साधली असेल. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या घरगुती वास्तव्याचाच विचार केला आहे.

घरोघरी सर्वाधिक परिचित असलेला तपकिरी होला, ज्यास प्राणिशास्त्रात स्पायलोपेलिया सेनेगॅलेन्सिस हे नाव आहे, त्याची नोंद लिनीअसने १७६६ साली केली. लांबी सुमारे २५ ते २७ सेंमी., वजन सुमारे ८० ते १०० ग्रॅम, अंग गुलाबी छटेचे तपकिरी, पंखांच्या कडेला निळसर राखी पट्टा आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस तांबूस भूमीवर काळे बारीक ठिपके, अशी त्याची ओळख सांगता येते. आफ्रिका, अरबस्तान व भारत असा त्याचा विस्तीर्ण प्रदेश असून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तो १८९८ साली माणसांनी सोडल्यामुळे स्थायिक झाला. दख्खनच्या कोरड्या पठारावर, जेथे बाभूळ, निवडुंग आणि घायपात यांचे राज्य आहे, तेथे तोच अधिक. उलट पावसाळी कोकणात आणि सह्याद्रीच्या झाडीत त्याची जागा त्याहून थोराड असा ठिपकेदार होला घेतो, ज्यास कोकणात कवडा म्हणतात आणि ज्याच्या मानेमागील काळ्या पट्टीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. या दोन्ही होल्यांच्या भारतातील उपजातींना ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८९ साली जी नावे दिली ती खंबायत व सुरत या दोन गुजराती बंदरांवरून दिली, आणि सबब शास्त्राच्या दप्तरी हे पक्षी आजही त्या बंदरांचे रहिवासी म्हणूनच नोंदलेले आहेत. उरलेल्या दोन जाती, म्हणजे मानेमागे काळी अर्धी कंठी असलेला फिकट राखी कंठी होला आणि ज्याचा नर विटकरी रंगाचा असतो तो लाल होला, या शेतशिवारात व माळरानात रमणाऱ्या असून घराच्या उंबऱ्याशी त्यांचा संबंध थोडा. चौघांपैकी केवळ लाल होल्यातच नरमादी रंगावरून निरखून सांगता येतात. इतर तिघांच्या बाबतीत जाणत्यालाही वर्तनावरूनच अनुमान करावे लागते.

होल्याचे घरटे हा सर्वसाधारणपणे उपहासाचा विषय झालेला आहे. सुगरणीचे विणकाम आणि शिंप्याचे शिवणकाम यांची स्तुती करून दमलेले लेखक होल्यापाशी आले की त्याला आळशी, गबाळा, कसबहीन अशी विशेषणे बहाल करतात, आणि वरकरणी पाहिले असता त्यांना दोष देता येत नाही. कारण मूठभर वाळक्या काड्या, काही मुळ्या आणि क्वचित तारेचा एखादा तुकडा एवढ्या सामग्रीवर, ना वाटीचा आकार ना मऊ अस्तर अशी जी विरळ मांडणी हा पक्षी करतो, तिच्यातून पुष्कळदा खालून पाहणाऱ्याला वरची दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. काम वाटून घेतलेले असते. नर एकेक काडी चोचीत धरून आणतो, कित्येकदा मादीच्या पाठीवर उतरून ती तिच्या स्वाधीन करतो, आणि मादी बसल्या जागेवरून ती आपल्या अंगाखाली सरकवते. दोनचार दिवसांत हा संसार मांडून पुरा होतो. परंतु ज्या पक्ष्याची अंडी कावळा, भारद्वाज, मांजर आणि धामण यांपैकी कोणीतरी फस्त करण्याचा संभव नित्याचा आहे, त्याने एका घरट्यावर महिनाभराचे कसब खर्ची घालावे की दोन दिवसांत उभे राहील असे घरटे करून ते मोडताच दुसरे उभारावे, हा प्रश्न विचारला म्हणजे होल्याचा गबाळेपणा हा वस्तुतः काटेकोर हिशेब आहे हे ध्यानात येते. ज्याचे भांडवल पुनःपुन्हा बुडण्याचीच खात्री आहे अशा व्यापाऱ्याने थोड्या पैशांत पुष्कळ उलाढाल करावी, त्यातलाच हा प्रकार होय.

हा हिशेब ज्यावर उभा आहे ती वस्तू घरट्यात नाही, पक्ष्याच्या कंठात आहे. कोलंबिडी कुलातील नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतील आवरणाच्या पेशी अंडी उबण्याच्या सुमारास फुगून सुटू लागतात, आणि त्यांपासून दह्यासारखा घट्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांनी समृद्ध असा स्राव तयार होतो, ज्यास कपोतदुग्ध म्हणतात. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रेरणेने हे घडते; किंबहुना १९३३ साली ऑस्कर रिडल व त्याचे सहकारी यांनी या संप्रेरकास हे नाव दिले ते कबुतरांच्या अन्नपिशवीवरील प्रयोगांच्याच आधारे, आणि सस्तन प्राण्यांच्या मातेत दूध उत्पन्न करणारे संप्रेरकही तेच. याचे परिणाम दूरगामी आहेत. दाणे खाणारे बहुतेक पक्षी, उदाहरणार्थ चिमणी, पिल्लांना वाढवताना किडे व अळ्या भरवतात, म्हणून त्यांची वीण किड्यांच्या सुगीशी बांधलेली असते. होल्यावर मात्र हे बंधन नाही, कारण त्याची पिल्ले प्रथम केवळ या दुधावर आणि मागाहून दूध व भिजलेले दाणे यांच्या मिश्रणावर पोसली जातात, आणि दाणा जेथे बारमाही तेथे वीणही बारमाही होऊ शकते. अंडी दोनच का, याचेही उत्तर बहुधा येथेच आहे: दोघे आईबाप मिळून जितके दूध निर्माण करू शकतात ते दोन पिल्लांना पुरते, तिसऱ्याला पुरत नाही.

अंडी सुमारे १३ ते १५ दिवसांत उबतात. दिवसा पुष्कळ वेळ नर आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी, अशी बसण्याची पाळी ठरलेली असल्यामुळे घरट्यात एकच पक्षी अखंड बसून आहे असा घरच्या माणसांचा ग्रह होतो, आणि त्या बिचाऱ्या मादीला अन्नपाणी तरी केव्हा मिळते या काळजीने गृहिणी तांदूळ व पाण्याची वाटी घरट्याशेजारी ठेवते, जिचा उपयोग सामान्यतः मुंग्यांना आणि कावळ्याला पत्ता लागण्यापलीकडे होत नाही. पिल्ले जन्मतः आंधळी, विरळ पिवळसर लव असलेली आणि दिसावयास खरोखरच कुरूप असतात. परंतु त्यांची वाढ इतकी झपाट्याने होते की आणखी सुमारे दोन आठवड्यांत ती घरटे सोडतात. त्यानंतर काही दिवस ती आवारातच आईबापांच्या मागे पंख थरथरवीत फिरतात आणि तोवर जुने जोडपे नव्या काड्यांच्या तजविजीला लागलेलेही असते. घरट्यावरून अकस्मात उठवलेला होला कधीकधी जमिनीवर पडून जायबंदी झाल्याचे सोंग करतो व शत्रूला दूर नेतो. पकडला गेला असता त्याच्या शेपटीची पिसे सहज उपटून येतात, आणि मांजराच्या तोंडी पुष्कळदा पिसेच काय ती राहतात.

घराच्या कोणत्या भागावर होला आपली वहिवाट सांगेल याचा नेम नाही. पूर्वी वाड्यांच्या वळचणी, तुळयांचे टोक, देवळीचा कोपरा आणि अंगणातली जाईजुई ही त्याची ठिकाणे होती. आता सदनिकांच्या गच्च्यांतील कुंड्या, खिडकीच्या लोखंडी जाळ्या, विजेच्या मीटरची पेटी, ट्यूबची पट्टी आणि वातानुकूलन यंत्राचा बाहेर टांगलेला डबा यांवर त्याने तोच हक्क कायम केला आहे. त्याची कारणे उघड आहेत. वर छप्पर असल्याने ऊन व पाऊस यांचा बंदोबस्त होतो, अरुंद जागेत कावळ्याला पंख पसरून उतरता येत नाही, आणि माणसाच्या सततच्या वावरामुळे शिक्रा व भारद्वाज सहसा जवळ येत नाहीत. म्हणजे ज्या माणसाला हा पक्षी भितो त्याच्याच दबदब्याचा तो आश्रय करतो. शिवाय अंगणात सांडलेली ज्वारी, बाजरी व गवताचे बी ही शिधासामग्री हाताशी असते. पाणी पिण्यास तो नेमाने येतो, आणि इतर पक्ष्यांप्रमाणे घोटघोट घेऊन मान वर न करता चोच बुडवून एका दमात पाणी ओढून घेतो. ही सबंध कुलाची खूण होय.

संस्कृत वाङ्मयात कपोत या नावाखाली पारवा व होला यांचा भेद सर्वत्र केलेला नाही, त्यामुळे कोणत्या कथेचा मानकरी कोण हे निश्चित सांगता येत नाही. साक्ष मात्र परस्परविरुद्ध आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त घरात शिरलेल्या कपोतास निर्ऋतीचा दूत मानून त्याच्यापासून रक्षणाची याचना करते. महाभारताच्या शांतिपर्वातला कपोत दारी आलेल्या व्याधाची भूक भागवण्यासाठी स्वतःला अग्नीत झोकून देतो. आणि भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक असलेला कपोत जाळ्यात सापडलेल्या पिल्लांसाठी व भार्येसाठी शोक करीत स्वतःही त्याच जाळ्यात पडतो. या स्कंधावरील एकनाथांच्या ओवीबद्ध टीकेमुळे ही कथा मराठी श्रोत्यांच्या घरोघरी पोहोचली. तिचा उद्देश अतिस्नेहाचा निषेध करण्याचा असला, तरी जोडप्याची एकनिष्ठा व दोघांनी मिळून केलेले संगोपन यांचे तीतील चित्र इतके यथार्थ आहे की कथाकाराने ते जोडपे बारकाईने पाहिले असले पाहिजे. मराठी बोलीने मात्र ओसाड घरावर पारवेच घुमवले. होल्याचा आवाज त्या मानाने हलका, कुजबुजल्यासारखा असल्यामुळेच की काय, तो या अपकीर्तीतून सुटला.

घरात होला आणि घरात पारवा या दोन निराळ्या बाबी असून त्यांची सरमिसळ केल्याने होल्यावर अन्याय होतो. पारवा मूळचा कड्याकपारींचा पक्षी. उंच इमारती या त्याच्या दृष्टीने कडेच होत, आणि तेथे तो थव्याने राहून वर्षानुवर्षे त्याच कोनाड्यात विष्ठेचे थर साठवतो. या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिली असता काहींच्या फुफ्फुसांना सूज येऊन ती कायमची निकामी होण्याचा धोका असतो, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे, आणि मुंबईतील कबुतरखान्यांविषयीचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच तक्रारीवरून. होला जोडीने राहतो, थवा आणीत नाही, आणि त्याचा एका घरट्यावरील मुक्काम महिन्याभराचा. तथापि पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे व त्याखालील घाण, नाकातोंडाला फडके बांधून व प्रथम पाणी शिंपडून काढून टाकावी हे उत्तम.

अंडी असताना कुंडी हलवली, वारंवार डोकावून पाहिले अथवा दिवा पेटता ठेवला, तर जोडपे घरटे टाकून जाण्याचा संभव असतो. पिल्ले झाल्यावर ते सहसा टाकीत नाही. कुंडीतील झाडास पाणी कडेने, थोडे थोडे घालावे. खाली पडलेले पिल्लू उचलून घरट्यात ठेवण्यास हरकत नाही, कारण मनुष्याचा हात लागलेले पिल्लू आईबाप स्वीकारीत नाहीत ही समजूत निराधार आहे. त्याला गाईचे दूध किंवा किडे मात्र देऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकार या संज्ञेच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे यांचा अंतर्भाव आहे. म्हणून ज्यांना आपल्या खिडकीत हा पाहुणा नको असेल त्यांनी अंडी पडण्यापूर्वी, पहिल्या काड्या दिसताच, त्या काढून टाकून जागा जाळीने बंद करावी.