कारखान्यातील धूळ : झाडण्यापेक्षा शोषून घेणे हिताचे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी सायंकाळी एकापाठोपाठ एक स्फोट झाले. त्यात १४ कामगारांचा मृत्यू झाला आणि ३६ जण जखमी झाले. तेथे दारूगोळा नव्हता, की वायुगळतीही झालेली नव्हती. पेटली होती ती साखरेची धूळ.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने या दुर्घटनेची चौकशी केली. कोठारांखालील कन्व्हेयर पट्टा पोलादी पत्र्यांनी बंदिस्त केल्यामुळे आत धूळ कोंडली गेली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे तिने पेट घेतला. पहिल्या स्फोटाच्या हादऱ्याने जमिनीवर, तुळयांवर आणि यंत्रांवर साचलेली धूळ हवेत उसळली व ज्वाला इमारतभर पसरल्या. नियमित सफाई झाली असती तर हे दुय्यम स्फोट आणि जीवितहानी बहुधा टळली असती, असा मंडळाचा निष्कर्ष होता.

धूळ का पेटते?

साखरेचा खडा सावकाश जळतो; त्याचीच भुकटी हवेत पसरली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि ज्वलन क्षणार्धात पूर्ण होते. बंदिस्त जागेत त्यामुळे प्रचंड दाब निर्माण होतो. पीठ, स्टार्च, लाकडाचा भुसा, प्लास्टिकची भुकटी, ॲल्युमिनियम, गंधक हे सारे पदार्थ याच वर्गातील आहेत. चीनमधील कुनशान येथे २०१४ मध्ये मोटारींची चाके चकचकीत करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार दगावले. सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणजे कागदाला लावण्याच्या क्लिपच्या तारेइतका थर मोठ्या क्षेत्रावर बसला, तरी तो धोक्याचा मानला जातो.

झाडू आणि हवेचा झोत

अनेक कारखान्यांत सफाई म्हणजे झाडू किंवा कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत. झाडूने जड कचरा गोळा होतो, पण बारीक धूळ उडून पुन्हा खाली बसते. हवेच्या झोताने यंत्र स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात धूळ तुळयांवर आणि दिव्यांच्या पत्र्यांवर जाऊन बसते. शिवाय स्फोटाला लागणारा धुळीचा ढग आपणच तयार करतो, ते वेगळेच.

फिरत्या औद्योगिक व्हॅक्यूम यंत्राचे महत्त्व येथेच आहे. ते धूळ उडवीत नाही, शोषून घेते. पंख्यामुळे टाकीत हवेचा दाब कमी होतो आणि नळीतून धूळमिश्रित हवा आत ओढली जाते. जड कण टाकीत पडतात, बारीक कण गाळणीत अडतात. हेपा प्रकारची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. चाकांवरचे हे यंत्र एका विभागातून दुसऱ्या विभागात सहज नेता येते. मध्यवर्ती नळव्यवस्थेचा खर्च न झेपणाऱ्या लहान उद्योगांना ते सोयीचे ठरते.

निवड चुकली तर

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मात्र कारखान्यात वापरू नये. त्याच्या मोटारीतील ठिणगी आणि प्लास्टिकच्या नळीत घर्षणाने साठणारी स्थिर वीज, दोन्ही घातक आहेत. ज्वलनशील धुळीसाठी वीजवाहक नळी, योग्य अर्थिंग आणि त्या वापरासाठी प्रमाणित केलेली मोटार आवश्यक असते. विजेऐवजी दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रेही मिळतात. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या धुळीसाठी ती द्रवात बुडविणारी खास यंत्रे असतात. मात्र या धातूंचा पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन निर्माण होत असल्याने तो बाहेर जाण्याची वाट मोकळी असावी लागते. तापलेली राख किंवा ग्राइंडिंगच्या ठिणग्या कधीही शोषू नयेत.

सफाई वरून खाली करावी; आधी तुळया, मग यंत्रे, शेवटी जमीन. टाकी रिकामी करताना धूळ पुन्हा उडणार नाही याची काळजी घ्यावी. गाळणी तुंबली की शोषणशक्ती घटते. म्हणून तिची तपासणी ठरावीक वेळी व्हावी.

प्रश्न आरोग्याचाही

धूळ न पेटणारी असली तरी ती निरुपद्रवी नसते. ओतकामाच्या वाळूतील आणि दगडातील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन सिलिकोसिस होतो. हा विकार बरा होत नाही. प्रतिबंध हाच उपाय. कोल्हापूरसारख्या ओतकाम उद्योगाच्या केंद्रांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातच कलम १४ मध्ये धूळ व धूर यांच्या निर्मूलनाची, तर कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीपासून बचावाची तरतूद करण्यात आली होती. साखर कारखाने, पिठाच्या गिरण्या आणि ओतशाळा असलेल्या महाराष्ट्राला या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. यंत्र विकत घेऊन काम संपत नाही. ते रोज, प्रत्येक पाळीत, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या तुळयांपर्यंत पोहोचले पाहिजे. पोर्ट वेंटवर्थच्या कामगारांचा घात साचू दिलेल्या धुळीनेच केला होता.