गाण्यावर नाव कुणाचं?



जनाबाईचा अभंग कसा ओळखायचा? शेवटी 'नामयाची जनी' येते. छापखाना नव्हता तेव्हापासून हे नाव टिकलं, कारण ते अभंगातच गुंफलेलं होतं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं तसं नाही. बहुतेक ओव्यांत गाणारीचं नावच येत नाही. आज आपण त्याच ओव्या मोबाईलवर भरून ठेवतो. म्हणून गाण्यावर नाव कसं आलं, ते आज थोडक्यात सांगते.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान या गायिकेचं गाणं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कसं कळणार कोण गातंय? म्हणून गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगायची. जुन्या तबकड्यांवर ते आजही ऐकू येतं.

तेव्हा एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटांचं गाणं मावायचं. पुढे बऱ्याच तबकड्या एकत्र विकायला फोटोच्या अल्बमसारखी जाड पुस्तकं निघाली. 'अल्बम' हा शब्द तिथूनच आला. त्यांची वेष्टनं साधी असत. १९४०च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी त्यांवर रंगीत चित्रं काढायला सुरुवात केली.

पण छापील नाव खरंच गाणारीचं असेल, असं नव्हतं. १९४९ साली 'महल' सिनेमा आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर नाव होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा खरं नाव लोकांना कळलं. इतक्या मोठ्या गायिकेची ही गत, तर आपल्या आजीची काय कथा!

मग संगणक आला. १९९६ साली एमपीथ्री गाण्याच्या फाईलला शेवटी एक छोटी चिठ्ठी जोडायची सोय निघाली. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, अल्बम, साल. नावाला फक्त ३० अक्षरांची जागा. १९९८ मध्ये ती सुधारली आणि चित्रही जोडता येऊ लागलं. गाणं लावलं की मोबाईलवर फोटो दिसतो, तो असा.

आपल्याकडचं मोठं काम म्हणजे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला मिळतात, काही ऐकायलाही मिळतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. म्हणून ती 'कुणाची तरी' ओवी राहत नाही.

आपल्या गटाच्या मोबाईलमध्ये मात्र फाईलचं नाव म्हणजे नुसते आकडे असतात. बचतीच्या वहीत नाव न लिहिता पैसे जमा केले, तर पुढच्या महिन्यात ते कुणाचे म्हणायचे? ओवीचंही तसंच आहे.

तेव्हा एवढं करा. ओवी भरताना शेवटी गाणारीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा. गौहरजानची युक्ती आजही कामाची आहे. फाईलचं नाव कुठे पुसलं गेलं, तरी आवाजातलं नाव राहतं. मग फाईलला नाव द्या: आधी साल, मग गाणारी, गाव आणि प्रसंग. साल आधी ठेवलं की सगळं ओळीनं लागतं. जात्याचे, लग्नाचे, पंचमीचे फोल्डर वेगळे करा. तिला विचारूनच तिचा फोटो काढा आणि त्याच नावानं ठेवा. दुसरी प्रत मेमरी कार्डवर काढून गटाच्या कपाटात ठेवा.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून सुरुवात करा. गाणं तिचं आहे, तर नावही तिचंच लागलं पाहिजे.