इंटरनेट प्रसाराची मोजणी : जोडण्या वेगळ्या, वापरकर्ते वेगळे

रायपूर : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. चीन एप्रिल १९९४ मध्येच जागतिक जाळ्याशी जोडला गेला होता. १९९७ मधील पहिल्या सर्वेक्षणात तेथे ६ लाख २० हजार वापरकर्ते आढळले. २०२३ अखेर ही संख्या १०९.२ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या ७७.५ टक्क्यांवर पोहोचली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नोंदीनुसार भारतातील इंटरनेट जोडण्या मार्च २०१४ मध्ये २५.१५ कोटी होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या ९५.४४ कोटी झाल्या.

मात्र या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. चीनच्या सर्वेक्षणात गेल्या सहा महिन्यांत इंटरनेट वापरलेल्या व्यक्ती मोजल्या जातात. ट्राय जोडण्या मोजते. दोन सिमकार्डांवर इंटरनेट वापरणारी व्यक्ती त्यात दोनदा येते, तर एकाच फोनवर विसंबलेले कुटुंब एकदाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचे सांगितले; महिलांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्केच होते.

दूरसंचार परिमंडळांच्या रचनेमुळे राज्यांचे चित्रही झाकले जाते. महाराष्ट्र परिमंडळात गोवा आहे, पण मुंबई स्वतंत्र आहे. छत्तीसगड मध्य प्रदेश परिमंडळात मोडते. परिणामी रायपूरमधील शंकर नगरसारखी शहरी वस्ती आणि बस्तरमधील दुर्गम गाव भोपाळ-इंदूरसह एकाच परिमंडळाच्या नोंदीत येतात. दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन होत असताना जोडणीविना राहिलेली गावे या सरासरीत दिसत नाहीत.