गडचिरोलीचे निबंध आणि संदर्भांची रीत

वैद्यकीय निबंधाच्या शेवटीं बारीक टाइपांत जी यादी छापलेली असते, तिच्याकडे वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं. आडनांव, आद्याक्षरें, लेखाचें शीर्षक, नियतकालिकाचें तोडकें नांव, सन, खंड आणि पृष्ठें इतका मजकूर एका ओळींत कोंबलेला असतो. आणि त्यांत स्वल्पविराम कोठें व पूर्णविराम कोठें यावर संपादक जो हट्ट धरतात, तो पाहून सुज्ञ गृहस्थासही हंसूं यावें. परंतु या ओळीस इतिहास आहे, आणि तिचे गुणदोष समजून घेण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं वेगळ्या निघालेल्या गडचिरोलीच्या जंगलमुलखांतील दोनचार निबंध त्या कामीं पुरे आहेत.

आपला आधार सांगावा ही वृत्ति आपल्याकडे नवी नव्हे. चरकसंहितेचे अध्याय आत्रेयाच्या मुखानें सांगितलेले आहेत. राजवाड्यांनीं १८९८ पासून इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला, तो लेखी पुराव्यावांचून बोलूं नये या बाण्यानें. आणि शंकर गणेश दाते यांनीं १९४३ सालीं मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग प्रसिद्ध करून नुसत्या नोंदींचेंही महत्त्व दाखवून दिलें. तथापि वैद्यकशास्त्रांतील अडचण निराळी होती. तेथें लेखांचा पूर लोटला होता. अमेरिकन सैन्यांतील शस्त्रवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ नांवाची सूची काढली, ती या पुरास बांध घालण्यासाठींच. दोनच वर्षांनीं हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ मार्क यांनीं गोगलगायीवरील एका निबंधांत कंसांत नांव व सन घालण्याची रीत वापरली. पुढें शंभर वर्षें जितकीं नियतकालिकें तितक्या रीति, असा प्रकार चालला. एका संपादकानें लेख परत केला कीं दुसऱ्याच्या आवडीप्रमाणें तो सबंध पुन्हां टंकलिखित करावा! हा छळ थांबविण्यासाठीं जानेवारी १९७८ मध्यें कांहीं संपादक कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं जमले, व १९७९ सालीं त्यांचे नियम प्रसिद्ध झाले. मजकुरांत ज्या क्रमानें आधार येईल त्या क्रमानें त्यास आंकडा द्यावा, व शेवटीं त्याच आंकड्यांखालीं यादी द्यावी, हें त्यांचें सूत्र.

त्यानंतर दहाच वर्षांनीं, १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत ८५ व्या पृष्ठापासून डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांचा निबंध आला. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून शेंकडा ९२ स्त्रियांस कांहींना कांहीं स्त्रीरोग असल्याचें त्यांत दाखविलें होतें. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठच होत्या. आतां या निबंधाचा संदर्भ लिहावयास बसावें. त्या काळीं लॅन्सेट दर वर्षाच्या दोन खंडांस पहिला व दुसरा असेंच म्हणे, सबब खंड १. त्याच संशोधकांचा लहान मुलांच्या न्यूमोनियावरील निबंध जुलै १९९० मध्यें त्याच पत्रांत आला, तेव्हां खंडाचा आंकडा ३३६! मध्यंतरीं पत्रानें आरंभापासूनची सलग गणना सुरू केली होती, इतकेंच. त्या हिशेबानें पहिला निबंधही आज कित्येक ठिकाणीं खंड ३३३ म्हणून नोंदलेला आढळतो. नवख्या लेखकास यांतील एक आंकडा चुकीचा वाटेल; वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत, आणि म्हणूनच सन व पृष्ठ हीं दोन्ही ओळींत असावीं लागतात.

नांवांचा प्रश्न याहून नाजूक आहे. या रीतींत प्रथम आडनांव व मागून आद्याक्षरें येतात, त्यामुळें पति ‘बंग ए. टी.’ व पत्नी ‘बंग आर. ए.’ होते. पहिल्यांतील ‘टी’ म्हणजे वडील ठाकुरदास, आणि दुसऱ्यांतील ‘ए’ म्हणजे पति अभय. मधलें नांव लावण्याची आपली मराठी रूढि अशी कोणास न कळतां जगाच्या सूचींत जाऊन बसली. पण त्याहून मोठी गोष्ट संख्येची. व्हँकुव्हरच्या मूळ नियमाप्रमाणें लेखक सहापर्यंत असतील तर सर्वांचीं नांवें द्यावीं. सात झाले कीं पहिलीं तीन देऊन ‘व इतर’ म्हणावें. पुढें तिघांऐवजीं सहा झाले, तरी कित्येक नियतकालिकें आजही तिघांवरच थांबतात. १९८९ च्या निबंधाचे लेखक सहा, म्हणून सारीं नांवें टिकलीं. १९९० च्या निबंधाचे सात! अर्थात् उदार नियमांत एक नांव गळतें, कृपण नियमांत चार. आणि हें काम कोणतें? ५८ गांवांत उपचाराची योजना करून शेजारच्या ४४ गांवांशीं तुलना केली, तेव्हां न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु दर हजारीं १७.५ च्या जागीं ८.१ आढळले. औषध देणारे गांवचे आरोग्यसेवक व सुईणी यांचीं नांवें तर लेखकांच्या यादींत येण्याचा प्रश्नच नव्हता. जागा वांचविण्याची सबब आम्हांस पटत नाहीं. चार आडनांवांनीं कागद असा किती लागतो? शिवाय आतां वाचन पडद्यावर होऊं लागलें आहे, आणि खुद्द ‘इंडेक्स मेडिकस’ची छापील आवृत्ति २००४ सालीं बंद पडली.

मात्र ओळ खरी असावी हा संपादकांचा आग्रह आम्ही सोळा आणे मान्य करतों. १९९९ सालच्या लॅन्सेटमधील नवजात अर्भकांविषयींचा गडचिरोलीचा निबंध (खंड ३५४, पृष्ठ १९५५) पाहावा. त्यांत आरंभीं मृत्यूचें प्रमाण दर हजारीं ६२ होतें, तें तिसऱ्या वर्षीं २५.५ वर आलें. आणि तुलनेच्या गांवांच्या मानानें झालेली घट शेंकडा ६२.२. दोन बासष्ट, एक हजारांतील व एक शंभरांतील! ज्यानें मूळ पान न उघडतां दुसऱ्याच्या लेखांतून आंकडा उचलला, तो येथें हटकून घसरणार, आणि त्याच्यावरून उचलणारा तिसरा त्याहून खालीं. तसेंच शेंकडा ९२ हा आंकडा दोन खेड्यांचा आहे. त्यास सर्व भारतीय स्त्रियांचा करून सोडणाऱ्यास ८५ वें पृष्ठच अडवूं शकतें.

याच संशोधकांचा महाराष्ट्रांतील बालमृत्यूंविषयींचा ‘कोवळी पानगळ’ हा मराठी अहवाल २००१ सालीं निघाला. त्यास खंड नाहीं, अंक नाहीं. वैद्यकीय रीतीप्रमाणें त्याचा संदर्भ द्यावयाचा, तर शीर्षकाचें इंग्रजी भाषांतर करून तें चौकोनी कंसांत घालावें लागतें, आणि ओळीच्या शेवटीं भाषेचें नांव लिहावें लागतें: मराठी.