एक कर आला, एक कर अडला

शाळा चालवायची तर पैसा लागतो, आणि तो कुणाच्या खिशातून काढायचा यावर भांडण जुंपते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९३३ साली असेच झाले.

ते दिवस जागतिक मंदीचे. शेतमालाला भाव उरला नव्हता. पण जमिनीवरचा आणि घरावरचा कर काही सुटत नव्हता, आणि शाळांचा बराचसा खर्च त्यातूनच भागे. पीक विकून हाती काही येईना, मग कर भरायचा कशातून? शेवटी जून १९३३ मध्ये मतदारांनी कौल देऊन राज्याची घटनाच दुरुस्त केली. शाळांच्या खर्चातला जिल्ह्यांचा वाटा यापुढे राज्याने उचलायचा, असे ठरले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले खरे, पण राज्याची तिजोरी तरी कुठे भरलेली होती?

विधिमंडळाने मग दोन विधेयके मंजूर केली. एक विक्रीकराचे : शंभर डॉलरच्या खरेदीवर अडीच डॉलर. दुसरे प्राप्तिकराचे : ज्याची कमाई मोठी, त्याने द्यावे. दोन्ही कागद गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांच्यापुढे आले. गृहस्थ मोठे हसतमुख. एकोणीस वर्षे सॅन फ्रान्सिस्को शहराचे महापौर होते, लोक त्यांना 'सनी जिम' म्हणत. त्यांनी विक्रीकरावर सही केली, आणि प्राप्तिकराचे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले.

आपल्याकडे राज्यपाल नेमलेला असतो. तिकडे गव्हर्नर लोकांनीच निवडलेला. त्याचा नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. तेव्हा हा नकार टिकला.

१ ऑगस्टपासून विक्रीकर सुरू झाला, तो खाण्यापिण्याच्या जिनसांवरसुद्धा. आता पहा, श्रीमंत माणूस काही दहापट पाव खात नाही. ज्याची सगळी कमाई पोटापाण्यातच जाते, त्यालाच हा कर जास्त बोचतो. माझ्या मते चूक झाली ती इथेच. शेतकऱ्याला सोडवताना बेकार मजुराला धरले. दुकानात सुटी नाणी मोजताना लोक त्या कराला 'जिमीच्या पेन्या' म्हणू लागले. पेनी म्हणजे तिकडचा पैसा.

रॉल्फ जून १९३४ मध्ये अधिकारावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक मेरियम यांनी १९३५ साली प्राप्तिकराला मंजुरी दिली. एक टक्क्यापासून पंधरा टक्क्यांपर्यंत. त्याच साली विक्रीकर तीन टक्के झाला, पण घरी खाण्याच्या जिनसा त्यातून वगळल्या गेल्या.