जबड्याच्या कूर्चाजन्य कर्करोगावरील उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आपल्याकडे जबड्याचा कर्करोग म्हटले की तंबाखू, गुटखा आणि त्यातून उद्भवणारा तोंडाच्या अंतस्त्वचेचा कर्करोग डोळ्यांसमोर येतो. परंतु क्वचित प्रसंगी जबड्यात असाही एक कर्करोग आढळतो, ज्याचा उगम अंतस्त्वचेत नसून कूर्चा निर्माण करणाऱ्या पेशींत असतो. वैद्यकशास्त्रात त्यास 'कॉन्ड्रोसार्कोमा' असे म्हणतात. तंबाखूशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला नाही. हा रोग प्रामुख्याने कटिप्रदेश, मांडी, खांदा व बरगड्या यांच्या हाडांत होतो. जबड्यात तो अत्यंत दुर्मिळ होय.

ही दुर्मिळता समजण्यासारखी आहे. जबड्याची हाडे बहुतांशी कूर्चेच्या साच्यातून न घडता थेट पडद्यासारख्या ऊतीतून घडतात. तथापि, गर्भावस्थेत खालचा जबडा ज्या कूर्चेच्या आधाराने वाढतो, तिचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १८२० मध्ये केले. वरचा जबडा नाकाच्या कूर्चेला लागून असतो. अशा कूर्चेच्या अवशेषांतून हे अर्बुद उद्भवत असावे, असे मानले जाते.

या रोगावरील उपचारांचा इतिहास हा केवळ शस्त्रक्रियेच्या प्रगतीचा इतिहास नसून रोगाला अचूक नाव देण्याच्या प्रयत्नांचाही इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भुलीपूर्वीची शस्त्रक्रिया

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जबड्यातील गाठ म्हणजे जवळजवळ असाध्य व्याधी होती. १८१२ मध्ये पॅरिस येथे द्युपुत्राँ यांनी खालच्या जबड्याचा भाग कापून काढला. १८२७ मध्ये लियाँ येथील शल्यविशारद जोसेफ जाँसूल यांनी एका तरुणाचा वरचा जबडा काढला आणि १८३३ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्या वेळी भूल उपलब्ध नव्हती. रुग्ण शुद्धीवर असे आणि हात जितका जलद चालेल तितकी जगण्याची शक्यता अधिक असे.

या शस्त्रवैद्यांनी काढलेल्या गाठी नेमक्या कोणत्या होत्या, हे मात्र निश्चित सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या आधारे अर्बुदांचा पद्धतशीर अभ्यास योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये मांडला. कूर्चेच्या गाठींसाठी 'एन्कॉन्ड्रोमा' ही संज्ञा त्यांचीच. म्हणजे जबडा काढण्याचे कौशल्य आधी आले आणि काढलेली वस्तू ओळखण्याचे शास्त्र मागाहून आले.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जे जाहीर प्रात्यक्षिक झाले, त्यातील गाठही जबड्याखाली मानेवरच होती. पुढे १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती मांडली. तोंडातील रक्त श्वासनलिकेत उतरण्याचा धोका ट्रेंडेलेनबर्ग यांच्या फुगवता येणाऱ्या श्वासनळीमुळे १८७० नंतर कमी झाला.

जतन केलेल्या नमुन्याचे महत्त्व

१ जुलै १८९३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या वरच्या जबड्याचा डावा भाग 'ओनायडा' नावाच्या खासगी नौकेवर गुप्तपणे काढण्यात आला. शस्त्रक्रिया तोंडातूनच केल्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहिला नाही, आणि रबराचा कृत्रिम भाग बसवल्यावर वाणीही पूर्ववत झाली. सहभागी शल्यविशारद विल्यम कीन यांनी १९१७ मध्ये ही हकीकत उघड केली. गाठ कोणत्या प्रकारची होती, हा वाद मात्र चालूच राहिला. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जतन केलेल्या तुकड्याची पुन्हा तपासणी होऊन १९८० मध्ये तो अंतस्त्वचेचा, संथ वाढणारा 'व्हेरुकस' कर्करोग असल्याचे प्रसिद्ध झाले. हे प्रकरण कूर्चेच्या कर्करोगाचे नव्हे. परंतु नमुना जपला असेल तरच उत्तरकालीन ज्ञान जुन्या चुकीची दुरुस्ती करू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

स्वतंत्र रोग म्हणून ओळख

दुर्मिळ रोगाबाबत एकट्या वैद्याचा अनुभव नेहमीच अपुरा पडतो. ही उणीव ओळखून बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९२०च्या सुमारास हाडांच्या सार्कोमाची नोंदवही सुरू केली आणि ठिकठिकाणच्या शल्यविशारदांकडून रुग्णांची माहिती, क्ष-किरण चित्रे व नमुने मागवले. १९३० मध्ये फेमिस्टर यांनी कॉन्ड्रोसार्कोमाला अस्थिजन्य सार्कोमापासून वेगळे मानण्याचा आग्रह धरला. १९४३ मध्ये लिखटेनस्टाइन व जॅफी यांनी त्याचे सूक्ष्मदर्शकीय निकष मांडले. १९७७ मध्ये इव्हान्स व सहकाऱ्यांनी केलेली तीन श्रेणींची विभागणी आजही पायाभूत मानली जाते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. अस्थिजन्य सार्कोमाच्या एका प्रकारात कूर्चाच मुबलक असते. बायोप्सीचा तुकडा लहान असल्यास तो कॉन्ड्रोसार्कोमाच भासतो. पहिल्या रोगात १९७० नंतर रसायनोपचारांनी मोठा फरक पडला; नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर मात्र त्यांचा प्रभाव अत्यल्प असतो. याउलट, १९५९ मध्ये वर्णिलेल्या 'मेसेनकायमल' या उपप्रकारात रसायनोपचार दिले जातात. जबड्यातील गाठ 'साधी कॉन्ड्रोमा' समजून खरवडून काढली, तर ती पुन्हा उद्भवते आणि दुसऱ्या खेपेस तिच्या सीमा सापडणे कठीण होते. म्हणूनच निरोगी ऊतीच्या पुरेशा कडेसह केलेली पहिली शस्त्रक्रिया हीच रुग्णाची सर्वोत्तम संधी ठरते.

पुनर्रचना आणि किरणोपचार

कडेला पुरेशी ऊती काढायची, तर चेहऱ्याची हानी अटळ होती. टाळूचे छिद्र झाकण्याचे साधन सोळाव्या शतकात पारे यांनी वर्णिले होते. छातीच्या स्नायूची झडप १९७९ मध्ये एरियन यांनी, तर पायाच्या बारीक हाडापासून खालचा जबडा घडवण्याची पद्धत १९८९ मध्ये हिडाल्गो यांनी मांडली. पुनर्रचनेची शाश्वती वाढल्याने शल्यविशारदास अधिक निःशंकपणे कापता येऊ लागले.

कवटीच्या तळाशी पोहोचलेल्या गाठींवर १९७०च्या दशकापासून हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनमधील प्रोटॉन किरणांचा उपयोग झाला. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन उपचारांस प्रारंभ झाला.

निष्कर्ष

दोन शतकांत भूल, जंतुनाशन, पुनर्रचना व किरणोपचार यांनी रुग्णाचे जगणे सुसह्य केले. तथापि मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच राहिला. खरा पालट निदानात घडला. मोठ्या संख्येने रुग्ण न मिळणाऱ्या रोगाबाबत ज्ञान वाढते ते जपलेल्या नमुन्यांतून आणि प्रामाणिक नोंदींतून. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण प्रचंड असलेल्या आपल्या देशात असा एखादा रुग्ण गर्दीत हरवणे सहज शक्य आहे. त्यामुळे दंतवैद्यक व वैद्यक महाविद्यालयांनी आपल्या विकृतिशास्त्र संग्रहालयांतील काचपट्ट्या आणि नोंदवह्या काळजीपूर्वक जपणे, हे रुग्णसेवेचेच अंग होय.